गोळी घडवणाऱ्याचा धर्म

मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायात राजधर्म सांगताना एक बारीक नियम येतो: युद्धात उलट्या काट्यांचे, विषारी किंवा जळत्या टोकाचे बाण वापरू नयेत. शत्रूला मारायला मनाई नाही, मग बाणाच्या टोकाची एवढी चिकित्सा कशासाठी? मला यात एक खोल जाणीव दिसते. बाण सोडणारा जिवाच्या आकांताने सोडतो, त्याला विचाराची उसंत नसते. काटा मात्र कुणीतरी निवांत बसून घडवलेला असतो. म्हणून जखमेच्या क्रौर्याचा जाब आधी शस्त्र घडवणाऱ्याला विचारायला हवा.

बंदुकीच्या गोळीत हे फार स्पष्ट दिसतं. गोळीचा वेग दुप्पट केला की तिची ऊर्जा चौपट होते. पण आरपार गेलेली गोळी त्यातली बरीच ऊर्जा सोबत घेऊन जाते. शरीरात किती ऊर्जा खर्च व्हावी, हे तिची घडण ठरवते. १८९५ च्या चित्रळ मोहिमेनंतर ब्रिटिशांची तक्रार होती की, पूर्ण आवरणाची .३०३ गोळी लागूनही समोरचा माणूस धावून येतो. कलकत्त्याजवळच्या डमडमच्या कारखान्यात उपाय निघाला. टोकावरचं कठीण आवरण कमी करून आतलं मऊ शिसं उघडं ठेवलं. शरीरात शिरताच ते अळंबीसारखं फुलतं, मांस फाटतं, हाडाच्या ठिकऱ्या उडतात. १८९९ साली हेगच्या परिषदेत अशा गोळ्यांवर बंदीचा ठराव आला, तेव्हा ब्रिटनचे प्रतिनिधी सर जॉन आर्डा यांचा युक्तिवाद असा होता की, सुधारलेला सैनिक जखमी झाला की थांबतो, रानटी माणूस थांबत नाही. म्हणजे गोळी घडवताना कुणाचं शरीर डोळ्यांपुढे होतं, हे त्यांनीच सांगून टाकलं. ब्रिटनने बंदी १९०७ मध्ये मान्य केली. पण ती करारातल्या देशांच्या आपसातल्या युद्धापुरतीच होती. चित्रळचे लोक तिच्या बाहेरच राहिले.

यावर कुणी म्हणेल, शत्रू थांबला नाही तर आपला सैनिक मरतो, त्याच्या जिवाचं काय? आक्षेप खरा आहे, पण ‘थांबवणं’ वाटतं तितकं सरळ नाही. हृदय निकामी झालं तरी मेंदूत उरलेल्या प्राणवायूवर माणूस दहा-पंधरा सेकंद हालचाल करू शकतो, असं अमेरिकेच्या एफबीआयच्या १९८९ च्या अहवालात नोंदलं आहे. तत्काळ थांबवतो तो मेंदूवरचा किंवा मज्जारज्जूच्या वरच्या भागावरचा घाव, आणि तो नेमावर अवलंबून असतो. रुंद जखमेने रक्त लवकर जातं, हे मान्य. पण माणूस पडल्यावरही ती जखम तितकीच रुंद राहते, आणि त्या उरलेल्या यातनेने कुणाचाच जीव वाचत नाही.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. सैन्याला निषिद्ध असलेली फुलणारी गोळी अनेक देशांचे पोलीस वापरतात. तिथे कारण वेगळं आहे: गर्दीत आरपार गेलेली गोळी मागच्या निरपराधाला लागू शकते. घडवणाऱ्याच्या डोळ्यांपुढे तो मागचा माणूस असेल, तर ती रचना मला समर्थनीय वाटते. तीच गोळी केवळ जास्त फाडते म्हणून निवडली जात असेल, तर डमडमच्या कारखान्याला विचारायचा जाब त्या पोलीस खात्यालाही विचारावा लागेल.