हुकुमाविना सल्ला

ज्यास हुकूम करण्याचा अधिकार नाहीं, त्याचा सल्ला कां मानावा?

जगांत अँग्लिकन मंडळ्यांचे ४० हून अधिक प्रांत आहेत. १९७० सालीं नागपुरास स्थापन झालेली चर्च ऑफ नॉर्थ इंडियाही त्यांच्याच संगतींत आहे. प्रत्येक प्रांत आपापले नियम करितो; सर्वांवर चालेल असा कायदा करणारा कोणी नाहीं. सन २००२ मध्यें निरनिराळ्या प्रांतांचे कायदेपंडित कँटरबरीस जमले. पुढें प्रांतांचे नियम ताडून पाहून, समान आढळलेलीं १०० तत्त्वें २००८ सालीं प्रसिद्ध झालीं. तीं कोणावरही बंधनकारक नाहींत, व त्यांनीं प्रांतांमधील वाद मिटलेही नाहींत.

मग उपयोग काय? त्यांत लिहिलें आहे कीं, नियम बिशपांसही लागू आहे, आणि ज्याच्यावर आरोप असेल त्याचें म्हणणें ऐकून घेतलें पाहिजे. समजा, एखाद्या दुर्बळ सभासदास न ऐकतां मंडळींतून काढिलें. बलवान म्हणेल, "आमच्याकडे अशीच वहिवाट आहे." तेव्हां तो दाखवूं शकेल कीं, दूरदूरच्या मंडळ्यांनींही हाच न्याय मानिला आहे. हुकुमास शिपाई लागतो. अशा सल्ल्यामागें पुष्कळांची साक्ष असते. ती ऐकून आपला हात आवरणें मात्र ज्याच्या त्याच्या विवेकाकडे राहतें.