अंजिराचें झाड आणि खताचा खड्डा

(वाचावयाचा भाग : लूक १३ : ६–९)



प्रभूच्या ह्या दाखल्यांतील धनी तीन वर्षें आपल्या द्राक्षमळ्यांतील अंजिराच्या झाडाकडे फळ पाहावयास येत असे व रिकाम्या हातीं परत जात असे. शेवटीं त्यानें तें झाड तोडावयास सांगितलें. कारण तें जमीन अडवून उभें होतें. तेव्हां माळ्यानें एका वर्षाची मुदत मागितली. ह्या भागावर आम्हीं पुष्कळ उपदेश ऐकले आणि स्वतःहि केले. त्या सर्वांत जोर मुदतीवर असे. परंतु माळी नुसती मुदत मागत नाहीं. ह्या वर्षांत आपण झाडाभोवतीं खणूं व खत घालूं, असें तो धन्यास सांगतो. खतावर आम्हीं कधीं उपदेश केला नाहीं, ह्याचें कारण इतकेंच कीं, आम्हांस खताविषयीं कांहीं ठाऊक नव्हतें. उपदेशकांच्या विद्यालयांत तो विषय नसतो.

तो धडा आम्हांस आमच्या परसानें दिला. गेल्या पावसाळ्याच्या आरंभीं आम्हीं घरामागें वांगीं व मिरची लाविली. शेजारच्या गोठ्यांतील ताजें शेण आणि खुराड्यांतील कोंबड्यांची विष्ठा रोपांच्या बुंध्याशीं सढळ हातानें घातली. आठ दिवसांत पानांच्या कडा करपल्या. पंधरा दिवसांत निम्मीं रोपें गेलीं. मंडळींतील एक वृद्ध भगिनी समाचारास आल्या होत्या. वाफा पाहून त्या म्हणाल्या, "पाळकसाहेब, भुकेल्या लेकराला कच्चं पीठ चारावं तसं केलंत. शेण आधी कुजू द्यायचं, मग रोपाला द्यायचं."

त्यांचें बोलणें शास्त्रासहि धरून आहे. ताज्या विष्ठेंत, विशेषेंकरून कोंबड्यांच्या, अमोनिया व क्षार इतके असतात कीं कोंवळीं मुळें भाजून निघतात. काडीकचऱ्यासह कच्चें शेण मातींत पुरलें तर तें कुजविणारे सूक्ष्म जंतु आपल्या पोषणासाठीं मातींतलाच नत्र ओढून घेतात, आणि रोप अन्नाच्या राशींत उभें राहून उपाशी मरतें. कच्च्या शेणाकडे हुमणीचे भुंगेरेहि येऊन अंडीं घालतात. श्रावणांत आमच्या उरलेल्या वांग्यांचीं मुळें त्या अळ्यांनीं कुरतडलीं.

मग आम्हीं खड्डा खणला. इंदूर येथील वनस्पति-संशोधन संस्थेंत आल्बर्ट हॉवर्ड व त्यांचे सहकारी यशवंत वाड ह्यांनीं बसविलेली रीत त्यांच्या १९३१ सालच्या पुस्तकांत आहे. चीनमधील शेतकऱ्यांच्या जुन्या वहिवाटीपासून हॉवर्ड ह्यांनीं पुष्कळ बोध घेतला होता. घरच्यापुरती ती रीत अशी करावी. तीन हात लांबरुंद व दीड हात खोल खड्डा घ्यावा. तळाशीं पालापाचोळा, तुरीच्या बारीक मोडलेल्या काड्या, भाजीचे देंठ ह्यांचा वीतभर थर द्यावा. त्यावर शेणाचा काला शिंपडावा, मूठ-दोन मुठी राख व गोठ्यांतील मूत मुरलेली माती पसरावी. पुन्हां तसाच थर. ओलावा पिळलेल्या फडक्याइतका असावा. दोनतीन आठवड्यांनीं खालचें वर करावें, पांचव्या आठवड्यास पुन्हां एकदां. ढिगाच्या पोटांत हात ठेववत नाहीं इतकी ऊब येते. तिनें तणाचें बी व रोगजंतु पुष्कळसे मरतात. सुमारें तीन महिन्यांत खत काळें, भुसभुशीत होतें आणि त्याला पहिल्या पावसाच्या मातीचा वास येतो. शेणाचा वास येत असेल तर अजून थांबावें. पावसाळ्यांत खड्ड्यांत पाणी सांचतें. तेव्हां उंचवट्यावर ढीगच करावा.

मूत मुरलेल्या मातीची गोष्ट विशेष लक्षांत ठेवा. गुरांच्या मूत्रांत नत्राचा मोठा वाटा व बहुतेक सारें पालाश असतें, आणि आपल्या गोठ्यांतून तें रोज ओहोळानें रस्त्यावर जातें. रात्रीं गुरांखालीं कोरडी माती पसरली व सकाळीं गोळा केली, तर एक पैहि न वेंचतां तें घरांत राहतें. शेणाचें म्हणाल तर जेथें आतां गॅसची शेगडी आली आहे, तेथें तरी गोवऱ्या थापणें सोडावें. जाळलेल्या शेणाची राख उरते; त्यांतला नत्र धुराबरोबर गेलेला असतो.

शंभर किलो शेणखतांत नत्र अवघा अर्धा किलो असतो. मग एवढा खटाटोप कशासाठीं? तर त्या खतानें माती पाणी धरूं लागते, आणि आमच्या कोरडवाहू मुलखांत तेंच मोठें आहे. म्हणून खत मातींत मिसळल्यावर वाफा उघडा ठेवूं नये. त्यावर चार बोटें जाडीचें वाळल्या पाचोळ्याचें, भुसकटाचें किंवा उसाच्या पाचटाचें आच्छादन घालावें. उन्हाचा ताप मुळांस लागत नाहीं, तण दबतें, पाणी कमी लागतें. बुंध्याभोवतीं मात्र चार बोटें जागा मोकळी ठेवावी, नाहींतर खोड कुजतें; वाळवी दिसल्यास आच्छादन हालवून पाहावें. कोथिंबीर, मुळा, कांदा हे आपण कच्चे खातों. त्यांस कच्चें शेण कधींहि लावूं नये. अमेरिकेंतील सेंद्रिय शेतीच्या नियमांत, मातीस लागणारी भाजी असल्यास कच्चें खत घातल्यापासून काढणीपर्यंत १२० दिवस जावे लागतात. हातास जखम असतां शेणांत हात घालूं नये, कारण धनुर्वाताचे जंतु तेथें असतात.

आमच्या एका तरुण शिक्षक बंधूनें पाटी उचलण्यास नकार दिला. तो म्हणाला, "आमच्या आज्यानं गावचा उकिरडा उपसला. मी नाही उपसणार." त्याचा राग आम्ही चुकीचा म्हणत नाहीं. दुसऱ्याची घाण जबरीनें उचलावी लागणें हा अन्याय होता. पण दाखल्यांत पाहा : कुऱ्हाड व झाड ह्यांच्यामध्यें उभा राहणारा तोच खतांत हात घालणार आहे. झाडासाठीं रदबदली करणारा एक आणि पाटी उचलणारा दुसरा, असें तेथें नाहीं. खारटपणा गेलेलें मीठ उकिरड्याच्याहि कामाचें नाहीं, असें प्रभु लूक १४ मध्यें सांगतो. म्हणजे त्याच्या देशांत उकिरड्यालाहि मोल होतें. तो तरुण विचार करतों म्हणाला. अजून आलेला नाहीं.

गेल्या महिन्यांत मंडळीच्या पंचांची सभा भरली. एक बंधु पुन्हां दारूकडे वळला आहे. उपासनेस येत नाहीं, वर्गणी देत नाहीं. त्याचें नांव पटावरून काढावें अशी सूचना आली. एक पंच म्हणाले, तीन वर्षें वाट पाहिली. तो आंकडा ऐकून आम्ही चपापलों. आम्हीं विचारलें, ह्या तीन वर्षांत त्याच्या घरीं कोण गेलें? कोणी बोललें नाहीं. आम्हीहि गेलों नव्हतों, हें सांगावें लागलें. त्याची बायको भाजी विकते, हेंहि आम्हांस त्या दिवशीं कळलें.

नांव पटावर ठेविलें आहे. आमचा खड्डा मार्गशीर्षांत उघडला. दहा पाट्या खत निघालें. त्यांतलें चार पाट्या आम्हीं व त्या वृद्ध भगिनींनीं त्याच्या परसांत नेऊन टाकलें. तो दाराशीं बसून पाहत होता. तिसऱ्या पाटीला उठला आणि कुदळ कोठें आहे तें बायकोस विचारूं लागला. परवां आम्ही पुन्हां गेलों, तेव्हां तो घरीं नव्हता. मेथी मात्र उगवली होती.