दोघांची सर्दी

खटाव तालुक्यातल्या एका तात्यांच्या हृदयाची झडप गळत होती. दोन वर्षं गोळ्यांवर निभावलं. मग इकोमध्ये हृदय फुगायला लागलेलं दिसलं, आणि पुण्याच्या सर्जननी सांगितलं, आता झडप बदलू. तारीख मिळाली, सरकारी योजनेची मंजुरी आली, रक्त द्यायला गावची पोरं तयार झाली, थोरल्यानं रजा टाकली. भरती व्हायला तीन दिवस उरले असताना तात्यांना शिंका सुरू झाल्या.

घरात दोन तट पडले. थोरला म्हणाला, “नुसतं पडसं आहे. दवाखान्यात बोलायचं नाही, तारीख गेली तर पुन्हा कधी मिळणार?” आत्या म्हणाल्या, “निघतानाच शिंक! वर्षभर त्या ऑपरेशनचं नाव काढू नका.” एकाला सर्दी काहीच वाटत नव्हती, दुसरीला ती दैवाचा निरोप वाटत होती. तात्यांच्या छातीत नेमकं काय चाललंय हे मात्र दोघांनाही ठाऊक नव्हतं. तरी निकाल दोघांकडेही तयार होता. आपल्या घरांतून असंच चालतं.

थोरल्याचं चाललं. भरतीच्या सकाळी तात्यांनी तापाची गोळी घेतली आणि सगळे पुण्याला पोचले. भूल देणाऱ्या डॉक्टर मॅडम कागद घेऊन आल्या. “सर्दी, खोकला, ताप?”

“काही नाही,” थोरला म्हणाला.

“आहे,” मागून सून म्हणाली. “काल रात्री ताप एकशे एक होता. सकाळी गोळी दिलीय म्हणून आत्ता दिसत नाही. खोकल्याला पिवळा बेडका पडतोय.”

थोरल्यानं तिच्याकडे जे पाहिलं, ते इथं लिहिण्यासारखं नाही. मॅडमनी तात्यांच्या पाठीला स्टेथोस्कोप लावला, एक्स-रे काढायला सांगितला, सर्जनशी बोलून आल्या आणि म्हणाल्या, “आज नाही. चार-पाच आठवड्यांनी.”

“एवढ्याशा सर्दीपायी?” तात्या हिरमुसले.

मॅडम स्टूल ओढून बसल्या. “तात्या, भूल दिल्यावर तुमच्या श्वासनळीत नळी घालावी लागते. सर्दी-खोकल्यात श्वासनळी आतून सुजलेली, चिडलेली असते. नाक वाहायचं थांबलं तरी ती काही आठवडे तशीच राहते. आमची नळी लागली की ती आवळून बसू शकते, मग हवा आत जाणं मुश्कील. ऑपरेशन चालू असताना हृदयाचं आणि फुप्फुसांचं काम मशीन करतं. तेवढा वेळ तुमची फुप्फुसं जवळजवळ निपचित पडून राहतात. त्यात कफ साठला की न्यूमोनिया. छातीचं मधलं हाड कापून आम्ही ते तारेनं शिवतो, त्यावर प्रत्येक खोकल्याचा हिसका बसतो. आणि हा ताप जंतूंचा असेल, जंतू रक्तात उतरले, तर नव्या कृत्रिम झडपेवर जाऊन बसतील. तिथून त्यांना हुसकणं फार अवघड.”

तात्यांना पटत आलं होतं, तेवढ्यात शेजारच्या खाटेवरचे गृहस्थ खोकले. एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर, सगळा वॉर्ड त्यांना मास्तर म्हणायचा. त्यांनाही सर्दी होती, आवाज घोगरा झाला होता, आणि त्यांची बायपास दुसऱ्या दिवशी सकाळी होणार होती.

“मग मास्तरांना वेगळा न्याय कसा?” तात्यांनी विचारलं.

“त्यांच्या हृदयाच्या डाव्या मुख्य धमनीतच मोठा अडथळा आहे. पडल्यापडल्या छातीत कळ येते. त्यांना ताप नाही, छाती साफ आहे. पण थोडा कफ असता तरी ऑपरेशन करायचा विचार आम्हाला करावा लागला असता. तुमची झडप महिनाभर दम धरेल, त्यांची धमनी धरेलच असं सांगता येत नाही.”

तात्या शेतकरी माणूस, मग मात्र त्यांनीच बोलून टाकलं, “म्हणजे वाफसा आल्याशिवाय मी कुरी धरायची नाही. आणि मास्तरांचं उभं पीक पाण्यात चाललंय, त्यांनी वाफशाची वाट बघायची नाही.”

मॅडम हसल्या. “फक्त रान ओलं आहे की कोरडं, हे खरं सांगणारं माणूस लागतं.” त्यांनी सुनेकडे पाहिलं. थोरला खिडकीबाहेर बघत होता.

पुढे ढकलणं फुकट नव्हतं. रजा वाया गेली, गाडीभाडं अंगावर पडलं, रक्त द्यायला आलेली पोरं कुरकुरत परतली. शिवाय पुढे ढकललं म्हणजे विसरलं असंही नव्हतं. गोळ्या चालूच ठेवायच्या, मीठ कमी, रोज सकाळी वजन बघायचं. वजन भराभर वाढलं, पायांवर सूज आली, उशीशिवाय आडवं होता येईना, तर तारखेची वाट न बघता तडक यायचं. फुप्फुसांच्या व्यायामाचं, तीन प्लास्टिकच्या गोळ्यांचं फुंकायचं, खरं तर श्वास ओढायचं यंत्र सोबत दिलं. तात्या अंगणात बसून त्यातल्या गोळ्या वर उचलायचे आणि नातवंडं मोजायची.

मास्तरांचं ऑपरेशन ठरल्याप्रमाणे झालं. कफानं त्यांना त्रास दिला, आयसीयूमधला मुक्काम लांबला, छातीशी उशी घट्ट धरून खोकावं लागलं. पण ते घरी गेले.

पाच आठवड्यांनी तात्या पुन्हा त्याच वॉर्डात. त्याच मॅडम, तोच कागद. “सर्दी, खोकला, ताप?”

या वेळी थोरल्यानं सुनेला बोलूच दिलं नाही. “सर्दी नाही, खोकला नाही, ताप नाही. पण परवापासून यांची दाढ ठणकतेय. हे सांगत नव्हते.”

मॅडमनी लिहिता लिहिता पेन थांबवलं. किडलेल्या दाढेतले जंतूही रक्तातून नव्या झडपेपर्यंत पोचू शकतात, म्हणून आधी दातांच्या डॉक्टरांना बोलावणं गेलं. दाढ काढावी लागली, हिरडी भरेपर्यंत ऑपरेशन पुन्हा पुढे गेलं. आत्यांनी फोनवर आधीची शिंक आणि आत्ताची दाढ यांचा सविस्तर संबंध जोडून दाखवला. थोरल्यानं तो ऐकून घेतला, फोन ठेवला आणि ऑफिसला रजेचा तिसरा अर्ज लिहायला बसला.