आयाम आणि आवर्तकाल

सुखदुःखें चाकाच्या आऱ्यांप्रमाणें वरखालीं होत असतात, म्हणून शहाण्यानें दोहोंत सम राहावें, हा उपदेश आपल्याकडे घरोघर केला जातो. तो वाटेल त्यानें वाटेल त्यास करावा काय, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. त्याच्या उत्तरास त्रिकोणमितींतील एक साधा आलेख उपयोगीं पडतो.

य = ३ ज्या २क्ष ही लाट काढावयाची आहे असें समजा; ज्या म्हणजे शाळेंत शिकवितात तो साइन. ज्येपूर्वींचा ३ हा आयाम होय. मध्यरेषेपासून लाट अधिकांत अधिक किती वर वा खालीं जाईल, तें तो सांगतो. क्षचा गुणक २. त्यानें ३६० अंशांस भागिलें कीं १८० अंश हा आवर्तकाल निघतो. त्याचे चार समान भाग करून ०, ४५, ९०, १३५ व १८० अंशांवर अनुक्रमें ०, ३, ०, -३ व ० हे बिंदू मांडावे आणि वक्ररेषेनें जोडावे. आतां ३ च्या जागीं ३० घाला. आवर्तकाल बदलत नाहीं, मध्यरेषाहि ढळत नाहीं. दरी मात्र दहापट खोल होते.

निसर्गांत दिनमान पाहा. सोलापुरास तें वर्षभरांत १२ तासांच्या मागेंपुढें सुमारें एक तास हलतें, लंडनास चार तासांहून अधिक. सरासरी दोहोंकडे जवळजवळ सारखीच, आवर्तकालहि एका वर्षाचाच. आयाम ठरतो तो आपण पृथ्वीवर कोठें उभे आहों यावरून.

माणसांचेंहि असेंच आहे. सोलापुराजवळ कुंभारी येथें विडीकामगारांच्या वसाहती आहेत. विडीची मजुरी हजारी हिशेबानें मिळते. हात थांबले कीं मिळकत थांबली. पगारदाराचा ताप आणि विडी वळणाऱ्या बाईचा ताप एकच. पण पहिल्याची लाट रजेच्या अर्जापाशीं अडते, दुसरीची चुलीपर्यंत उतरते. तिला समत्व शिकविणाऱ्यानें आधीं स्वतःचा आयाम मोजून पाहावा.

याच कुंभारींत गोदूताई परुळेकर यांच्या नांवाच्या वसाहतींतील १०,००० घरें २००६ सालीं कामगारांस मिळालीं, आणि रे नगरांतील १५,००० घरांचें लोकार्पण २०२४ सालीं झालें. हक्काच्या छपरानें आजार टळत नाहींत. परंतु मजुरी बुडालेल्या महिन्यांत घरभाड्याची धास्ती तरी राहत नाहीं. लाट तीच, दरी थोडी उथळ.

मन आवरण्याचा उपदेश ज्यानें त्यानें स्वतःस करावा. दुसऱ्यासाठीं करावयाचें तें त्याची दरी उथळ करण्याचें काम.