पावलाला विचारा

अंबाडी नाक्यावरून एक रस्ता वाड्याकडे जातो, एक वज्रेश्वरीकडे. गाड्यांचा आवाज मागे राहू द्या. आत या. भातझोडणी आटोपलेलं खळं आहे. शेणानं सारवलेलं.

चपला काढा. बसा.

उजवं पाऊल मांडीवर घ्या. दोन्ही हातांत धरा.

श्वास येतोय. येऊ द्या. जातोय. जाऊ द्या.

एवढ्याशा पावलात 26 हाडं आहेत. चाचपत जा. टाच. आतली कमान. चवडा. जिथे कातडी जाड लागेल तिथे थांबा. घट्टा असेल, कुरूप असेल, भेग असेल. असू दे.

आता अंगठ्याच्या मुळाशी या.

बॅले नाचणाऱ्या कित्येकींचं इथलं हाड बाहेर आलेलं असतं. अंगठा शेजारच्या बोटांवर कललेला. घराण्यातून आलेली ठेवण असतेच. बूट आणि चुकीची पद्धत तिच्यात भर घालू शकतात. बुटाचं टोक कापड, कागद आणि खळीच्या थरांनी कडक केलेलं. आत बोटं आवळलेली. त्यांच्यावर सगळ्या देहाचा भार.

1832 साली पॅरिसमध्ये मारी ताल्योनी ‘ला सिल्फीद’ हा बॅले नाचते, बोटांच्या टोकांवर. तिच्या बुटांना असं कडक टोकही नाही. साटिनचा मऊ बूट, टाके घालून बळकट केलेला.

हात तिथेच ठेवा. जरा वेळ.

आता उभे राहा. टाचा जुळवा. पावलं बाहेरच्या अंगाला उघडा. हळू.

थांबा. हे उघडणं कुठून येतंय? ऐका.

बॅलेत ते खुब्यातून यावं लागतं. खुबा देईल तेवढंच घ्यायचं. आणखी हवं म्हणून पावलं जमिनीवर रेटली, की गुडघा पिळतो, कमान आत ढासळते, भार अंगठ्याच्या कडेवर येतो. खुब्याच्या नावानं घेतलेलं उसनं पाऊल फेडत राहतं, वर्षानुवर्षं, न बोलता. मला हे फार लागतं. प्रेक्षकाला फक्त उघडलेली पावलं दिसतात.

थोडी मिटवा. सहज राहतील इतकी.

टाच. अंगठ्याचं मूळ. करंगळीचं मूळ. तिन्हीवर सारखा भार. श्वास घ्या.

या भागातले वारली तारप्यावर नाचतात. तारपा वाजवणारा मधे. कमरेभोवती हात गुंफलेली रांग त्याच्याभोवती फिरते. पावलं अनवाणी, बोटं मोकळी, जमिनीच्या जवळ. त्या तळव्यांनाही भेगा आहेत, शेतातल्या कामाच्या.

कुठलं पाऊल बरं, हे ठरवायला आपण आलेलो नाही. दोन्ही पाहा.

आता चवड्यांवर उठा. घोटा बाहेर कलतोय का? आत? मधे आणा. रहा.

आता उतरा. सावकाश.

मुंबईतल्या एका वेल्डरचा मुलगा, आमिरुद्दीन शाह, येहुदा माओर यांच्याकडे बॅले शिकून 2017 साली लंडनच्या रॉयल बॅले स्कूलमध्ये जातो. अशा नर्तकाची उडी सगळे पाहतात. तुम्ही उतरणं पाहा. आधी बोटं. मग चवडा. मग टाच. त्याच क्षणी गुडघा वाकतो आणि धक्का वर चढत नाही.

तुमची टाच टेकली? लागेल तेवढा वेळ लागू द्या.

पुन्हा उठावंसं वाटलं तर आधी पावलांना विचारा. दुखतंय म्हणाली, तर आज एवढंच.