कुळाचे देणे

स्कॉटलंडमधील इन्व्हर्नेसनजीकच्या कलोडनच्या माळावर 16 एप्रिल 1746 रोजी स्टुअर्ट राजवंशाच्या पक्षाने लढणाऱ्या हायलंडर सैन्याचा निःपात झाला. त्यानंतर 135 वर्षांनी, 1881 साली, त्या माळाच्या मालकाने सामुदायिक दफनांच्या जागी शिळा उभारून त्यांवर फ्रेझर, मॅकिंटॉश, कॅमेरॉन अशी कुळांची नावे कोरविली, आणि आजही कॅनडा, ऑस्ट्रेलिया, अमेरिका अशा दूरदूरच्या मुलखांतून त्या नावांची माणसे येऊन आपापल्या शिळेपाशी फुले वाहतात. त्यांच्या या श्रद्धेविषयी मला आदर वाटतो. परंतु ज्या पूर्वजांना आपण पाहिले नाही, ज्यांची गेलिक भाषाही आपल्याला येत नाही, त्यांच्या पराक्रमावर आपला हक्क कोणत्या नात्याने पोचतो, आणि तो पोचत असेल तर त्यांच्या दुष्कृत्यांचे काय करावयाचे, हा प्रश्न धर्मविचाराला टाळता येणार नाही.

रक्ताचे नाते हे उत्तर प्रथम सुचते, पण ते फार दूर नेत नाही. नऊ पिढ्या मागे गेले की प्रत्येकाला त्या एकाच पिढीत 512 पूर्वजांच्या जागा लाभतात. त्यांपैकी ज्याचे आडनाव आपल्यापर्यंत उतरले तो एकच. शिवाय हायलंडमधील कुळात नायकाचे सगेसोयरे तेवढेच नसत; त्याच्या जमिनीवर राबणारी, आश्रयास आलेली परकी माणसेही त्याचे नाव धारण करीत. मॅकग्रेगर कुळाचे तर नावच 1603 साली बेकायदा ठरविण्यात आले; मधला काही काळ वगळता ही बंदी 1774 पर्यंत टिकली, आणि त्या अवधीत त्या कुळातील माणसे कॅम्बेल, मरी, ग्रॅहम अशा परक्या नावांखाली जगली. सुप्रसिद्ध रॉब रॉयदेखील आपल्या आईचे कॅम्बेल हे आडनाव लावीत असे. तेव्हा आज स्वतःस कॅम्बेल म्हणविणाऱ्याच्या धमन्यांत कॅम्बेलांच्याच हाडवैऱ्यांचे रक्त नसेल असे कोणी छातीठोकपणे सांगावे?

स्कॉटलंडचाच थोर तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम याने 1739-40 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात कुलाभिमानाची मीमांसा केली आहे. एकच जमीन अनेक पिढ्या अखंड एकाच घराण्याकडे, त्यातही पुरुषपरंपरेने, चालत आली म्हणजे कल्पनाशक्ती विनासायास पूर्वजांपर्यंत जाऊन पोचते आणि त्यांचे मोठेपण आपलेसे करते, असा त्याचा अभिप्राय आहे. मानसशास्त्र म्हणून हे यथार्थ आहे. परंतु अभिमान कसा उत्पन्न होतो हे कळले म्हणून तो सार्थ कधी होतो हे कळत नाही. माझ्या मते कूळ म्हणजे मूलतः एक करार होता. नायकाने रक्षण करावे, न्याय द्यावा, दुष्काळात पोसावे. रयतेने खंड द्यावा आणि हाक येताच शस्त्र घेऊन उभे राहावे.

हा करार शत्रूने मोडला असे कुळांचा इतिहास हळहळून सांगतो, आणि ते अंशतः खरे आहे. कलोडननंतर ब्रिटिश सरकारने नायकांचे वंशपरंपरागत न्यायाधिकार काढून घेतले आणि हायलंडचा पोशाखही निषिद्ध केला. ही पोशाखबंदी 1782 पर्यंत होती. पण कराराच्या मुळावर घाव घातला तो पुढे नायकांनीच. कुळाची जमीन सर्वांची अशी रयतेची पिढीजात समजूत होती. सरकारी दप्तरात मात्र मालकी एकट्या नायकाची होती, आणि मेंढपाळीचे उत्पन्न खंडापेक्षा अधिक दिसू लागताच त्या दप्तराचाच आधार घेण्यात आला. सदरलंडच्या कौंटेससाठी 1799 साली ज्या रयतेने आपली मुले पलटणीत धाडली होती, त्याच रयतेला तिच्या कारभाऱ्यांनी 1814 आणि 1819 साली स्ट्रॅथनेव्हरच्या खोऱ्यातून बेदखल केले आणि घरांची छपरे जाळली. कारभारी पॅट्रिक सेलर याच्यावर 1816 साली खटला भरला गेला, आणि तो निर्दोष सुटला. या काळात हायलंडमधील अनेक पाद्र्यांनी, ही हकालपट्टी म्हणजे तुमच्या पापांबद्दल ईश्वराने दिलेले शासन होय, असा उपदेश आपल्या दीन भाविकांना केला. धर्माच्या नावाने झालेल्या अन्यायांत मी याची गणना फार वरची करतो.

त्या पाद्र्यांच्या हातांत जो धर्मग्रंथ होता, त्यातच या प्रश्नाची दोन उत्तरे आहेत. निर्गमाच्या पुस्तकात पित्याच्या अपराधाचे शासन तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत पोचते. यहेज्केल संदेष्टा मात्र निक्षून सांगतो की पुत्र पित्याच्या पापाचा धनी नव्हे. यांत विरोध दिसतो खरा, पण आपल्या परंपरेने दोष आणि ऋण यांत जो भेद केला आहे तो येथे उपयोगी पडतो. दोष कर्त्याबरोबर संपतो. ऋण वारसाकडे येते, आणि मिळकत घेणाऱ्या वारसाला देणे नाकारता येत नाही. कुळाचा गौरव ही मिळकतच आहे. ज्याला ती नको असेल त्याला कोणी जाब विचारू नये. ज्याने ती हौसेने स्वीकारली, त्याने पूर्ण हिशेब पाहिला पाहिजे.

आणि हा हिशेब सोपा नाही. 1773 साली हेक्टर जहाजातून नोव्हा स्कोशियातील पिक्टूला उतरलेले निर्धन हायलंडर ज्या भूमीवर वसले, ती मिकमॅक लोकांची होती. मॅकेन्झी कुळाच्या नायकाने 1793 साली उभारलेली 78वी पलटण 23 सप्टेंबर 1803 रोजी आपल्या असईच्या मैदानावर शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजांविरुद्ध लढली. शेजारच्या 74व्या पलटणीचा तर जवळजवळ एकही अधिकारी धडधाकट उरला नाही. गरिबीने पलटणीत ढकललेल्या त्या शिपायांचे शौर्य खरे होते, आणि ते ज्या सत्तेच्या कामी आले तिचा लोभही खरा होता.

सर्वांत अवघड प्रसंग जमैकाचा. तेथे कॅम्बेल हे आडनाव अतिशय प्रचलित आहे, कारण स्कॉटिश मळेवाल्यांची नावे त्यांच्या गुलामांना चिकटली. काहींना रक्ताने, पुष्कळांना केवळ मालकीच्या शिक्क्याने. नायकाचे नाव धारण करणारा आश्रित जर कुळातला, तर हे कृष्णवर्णी कॅम्बेल कुळाबाहेरचे कसे? आश्रिताने नाव स्वेच्छेने घेतले, यांच्यावर ते लादले गेले, हा भेद मोठा आहे. पण त्या भेदाने त्यांचा अधिकार घटत नाही, उलट कुळाचे त्यांच्याकडील देणे वाढते. 1833 च्या कायद्याने गुलामगिरी रद्द करताना ब्रिटिश सरकारने मालकांना 2 कोटी पौंडांची भरपाई मंजूर केली आणि मुक्त झालेल्यांना काहीच दिले नाही. त्या भरपाईचे दावे मालकांच्या नावानिशी लंडनमधील क्यू येथील राष्ट्रीय दप्तरखान्यात आजही आहेत. पूर्वजाच्या लष्करी चाकरीचा दाखला शोधण्यासाठी वंशज त्याच इमारतीत जातात. तेथे त्यांनी भरपाईचे हे कागदही मागवावेत, आणि त्यांत आपल्या कुळातील कोणाचे नाव निघाले, तर घरातील वंशवृक्षावर त्या नावापुढे तशी स्वच्छ नोंद करावी.