भरपाई आणि उतराई

१२ जून २०१४ रोजी भिलाईच्या पोलाद कारखान्यात कार्बन मोनॉक्साइड वायूची गळती होऊन सहा माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत दोन उपमहाव्यवस्थापकही होते. या वायूला रंग नाही, वास नाही, आणि तो कोणाचा हुद्दा पाहत नाही. १९५९ साली येथील पहिली झोतभट्टी पेटली, तेव्हापासून कित्येक मराठी घरांच्या चुली तिच्याच आधारावर पेटत आल्या आहेत. म्हणून पुढील प्रश्न आम्हांस परका वाटत नाही. विषाने ज्याचा जीव घेतला, त्याचे ऋण कायद्याने फिटते काय?

१९२३ च्या कामगार भरपाई कायद्याने घालून दिलेली आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही सामावलेली रीत अशी आहे की, मृत कामगाराच्या मासिक वेतनाचा अर्धा भाग घ्यावयाचा आणि वयानुसार ठरलेल्या गुणकाने त्यास गुणावयाचे. २०१४ साली वेतन कितीही मोठे असले, तरी हिशेबात ते आठ हजारांपर्यंतच धरले जाई. चाळीस वर्षांच्या माणसाचा गुणक १८४.१७, म्हणजे फार तर ७,३६,६८० रुपये. तोच पन्नाशीचा असता, तर ६,१२,३६०.

या हिशेबास निष्ठुर म्हणणे सोपे आहे. आम्ही तसे म्हणणार नाही. मालकाची चूक सिद्ध करीत बसण्याची पाळी या रीतीत विधवेवर येत नाही, की कोणाच्या दयेकडे डोळे लावून बसावे लागत नाही. दया आज असते, उद्या आटते. हक्काचे तसे नाही. मोजल्यावाचून हक्क ठरत नाही, हे मान्य केलेच पाहिजे.

आमची तक्रार निराळी आहे. कायदा तारीख मागतो, आणि प्रत्येक विषाला तारीख नसते. वायू एका संध्याकाळी जीव घेतो, परंतु दगड फोडताना उडणारी सिलिकाची धूळ फुफ्फुसात दहा-वीस वर्षे मुकाट्याने बसून राहू शकते. १९२३ च्या कायद्याने सिलिकोसिसला व्यवसायजन्य रोग मानले खरे. पण काम सोडल्यानंतर दोन वर्षांच्या आत लक्षणे दिसली, तर ती प्रथम आढळली तो दिवस अपघाताचा मानावयाचा, असेही त्याच कायद्यात लिहिले. तिसऱ्या वर्षी सुरू झालेल्या खोकल्याने काय करावे? राजस्थान सरकारने २०१९ साली धोरण ठरवून अशा प्रमाणित रोग्यास तीन लाख आणि त्याच्या पश्चात कुटुंबास दोन लाख रुपये देऊ केले. धूळ तीच, फुफ्फुसही तेच; परंतु माणूस कोणत्या राज्यात राहतो यावर त्याच्या दुःखाची दखल अवलंबून राहावी, यात न्याय कोठे आहे?

भोपाळचे उदाहरण तर आपल्या घरचेच. १९८४ साली भिलाईही त्याच मध्य प्रदेशात होती. १९८५ च्या कायद्याने सर्व पीडितांच्या वतीने दावा चालविण्याचा अधिकार केंद्र सरकारने आपल्याकडे घेतला, आणि १४ फेब्रुवारी १९८९ रोजी ४७ कोटी डॉलरांवर तडजोड झाली. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने ती पुन्हा उघडण्यास नकार दिला. तडजोड कधी तरी संपली पाहिजे, हे आम्हांस पटते. पण ज्याच्या नावाने ती झाली, त्याचा आजार त्या तारखेस संपला नव्हता.

भरपाई देऊन मालक आणि सरकार कायद्यातून मोकळे होतात. उतराई होणे याहून अवघड आहे. कामावरून गेलेल्या माणसाची छाती दहा वर्षांनीही कोणी तरी तपासावी, त्याने कोणत्या धुळीत किती वर्षे काम केले याची नोंद ठेकेदार बदलला तरी जपून ठेवावी, आणि त्याचा खोकला उशिरा आला म्हणून त्यास दारातून परत पाठवू नये, एवढे तरी घडले पाहिजे. त्या पोलादाच्या रुळांवरून आपण सारेच प्रवास करतो. तेव्हा हे ऋण केवळ कारखान्याचे आहे, असे आम्हांस म्हणवत नाही.